पाच जुनी ब्राँझ नाणी: ग्रीक कोणती, आणि पावसात येणाऱ्या हिरव्या पुडीचं काय करायचं?

खाडीकाठ, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. पाच नाणी एकगठ्ठा घेतली आहेत. विकणाऱ्याने सगळी ‘ग्रीक, अलेक्झांडरच्या काळची’ म्हणून दिली. पाकिटांवर पेनने लिहिलंय तेवढीच माहिती, बाकी कागद नाही. अजून एकही साफ केलेलं नाही. मापं व्हर्नियरने घेतली, वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर.

क्र. १: गोल, २० मिमी, ६.२१ ग्रॅम. पुढे सिंहाचं कातडं पांघरलेलं डोकं, उजवीकडे तोंड. मागे घोड्यावर बसलेला माणूस. घोड्याच्या वर आणि खाली अक्षरं, बरीच झिजलेली. पाकिटावर ‘अलेक्झांडर’.

क्र. २: गोल, २० मिमी, ६.८७ ग्रॅम. पुढे दाढीवाला पुरुष, डावीकडे तोंड, डोक्याला पट्टी. मागे त्रिशूळ, दोन्ही बाजूंना मासे. दांड्याच्या डावीकडे इंग्रजी आय, ई, पी अशी अक्षरं दिसतात. पाकिटावर काही नाही.

क्र. ३: गोल, जाड, ३० मिमी, २२.४ ग्रॅम. पुढे शिंगवाला दाढीवाला देव, मागे दोन पक्षी शेजारी शेजारी. दोन्ही बाजूंना बरोबर मध्ये खड्डा आहे. कोणी भोक पाडायला घेतलं होतं का? त्याने किंमत पडते का?

क्र. ४: चौकोनी, २१ × २० मिमी, ९.३८ ग्रॅम. पुढे उभा माणूस हातात बाण घेऊन, मागे तिपाई. दोन्ही बाजूंना अक्षरं, पण दोन वेगळ्या लिप्या वाटतात. याच्या एका कोपऱ्यात फिकट हिरवी पूड धरते. पुसली की दोन दिवसांत परत.

क्र. ५: गोल, १६ मिमी, ३.१० ग्रॅम, काळपट राखाडी. सोंड वर केलेला हत्ती, मागे अधिकचिन्हासारखं काहीतरी आणि त्याच्या टोकांना चार गोल. ‘सेल्युकसचा हत्ती, चौलच्या खाडीत सापडलेला’ असं तोंडी सांगितलं.

घरून सल्ला येतोय की देवाच्या भांड्यांसारखी कोकमाच्या आगळाने घासून काढ. म्हणून आधी इथे विचारतोय.

चकतीपारखी, चिपळूण

पहिलं म्हणजे आगळ, चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावू नका. समई उजळते कारण आम्ल वरचा थर खाऊन खालचा धातू उघडा करतं. नाण्यावर तोच थर म्हणजे पॅटिना, आणि अक्षरांचे कंगोरे बऱ्याचदा धातूत उरलेलेच नसतात, त्या थरात असतात. थर गेला की अक्षरही गेलं. किंमत जाते ती वेगळीच.

आता एकेक. माप आणि वजन आधी दिलंत ते बरं केलंत, निम्मं काम तिथेच होतं.

क्र. १ अलेक्झांडरचं नाही. सिंहाचं कातडं म्हणजे हेराक्लीस, तो अलेक्झांडरच्या ब्राँझवर असतोच, पण त्याच्या मागच्या बाजूला गदा आणि भात्यातलं धनुष्य असतं. तरुण घोडेस्वार त्याचा बाप दुसरा फिलिप याच्या ब्राँझवर येतो, पण तिथे पुढच्या बाजूला अपोलोचं डोकं असतं, केसांना पट्टी. हेराक्लीस पुढे आणि घोडेस्वार मागे अशी जोडी मिळाली की कसांड्रोस पाहायचा. मॅसिडोनियाचा हा राजा, इ.स.पू. ३०५ ते २९७. वरच्या ओळीत ‘बासिलेओस’ (राजाचं), खाली ‘कसांड्रू’ (कसांड्रोसचं) असायला हवं. खालच्या ओळीचं पहिलं अक्षर कप्पा, म्हणजे इंग्रजी के सारखं. तेवढं एक दिसलं तरी पुरे. या तीन नाण्यांची फार गल्लत होते, कारण तिन्ही १७ ते २० मिमी आणि साधारण ६ ग्रॅमच्या आसपास. नुसतं पुढचं तोंड बघून पाकिटावर लिहिणारे सगळ्यांनाच अलेक्झांडर करून टाकतात.

क्र. २ सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरोन याचं. पुढचा देव पोसिडोन, बाजूचे मासे म्हणजे डॉल्फिन. तुमचं ‘पी’ हे पी नाही, ग्रीक ‘रो’ आहे, उच्चार र. दांड्याच्या उजवीकडे ओमेगा, न्यू, ओमिक्रॉन, सिग्मा शोधा, म्हणजे ‘हिएरोनोस’ पुरं होईल. काळ इ.स.पू. २४० ते २१५ च्या सुमाराचा. त्रिशुळाच्या खालच्या बाजूला एखाद-दोन सुटी अक्षरं असतात, ती टाकसाळीची खूण. त्यावरून उपप्रकार ठरतो, तेव्हा फोटोत तो भाग कापू नका. सिसिलीतलं हे फार मुबलक नाणं आहे. सुरुवातीच्या संग्रहाला उत्तम, पण कोणी दुर्मिळ म्हणून भाव सांगितला तर हसून पुढे जा.

क्र. ३ इजिप्तच्या टॉलेमींचं. शिंगवाला म्हणजे झ्यूस-अम्मोन, शिंग मेंढ्याचं. पक्षी गरुड, पायाखाली वज्र असणार. मधला खड्डा कोणी नंतर पाडलेला नाही. चकती तयार करतानाचा आहे, ठसा उमटवण्याच्या आधीचा. इ.स.पू. २६० च्या आसपास दुसऱ्या टॉलेमीने ब्राँझ नाण्यांची नवी मोठी मालिका काढली तेव्हापासून तो दिसायला लागतो. उलट या आकाराच्या टॉलेमी नाण्याला खड्डा नसेल तर मी नाणं जास्त बारकाईने बघेन. किंमत अजिबात पडत नाही.

टॉलेमींची खरी डोकेदुखी अशी की जवळपास सगळ्यांनी एकच लेख ठेवला: ‘टोलेमाइऊ बासिलेओस’. कितवा टॉलेमी हे नाणं सांगत नाही. तेव्हा व्यास, वजन, गरुडाचे पंख मिटलेले की उघडे, समोर शिंगाकृती फळपात्र आहे का, पायांच्या मधे कोणतं अक्षर, यावरून चाळणी लावत जायची. दोन गरुड असले की साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकात, सहाव्या-आठव्या टॉलेमीच्या काळाकडे जायचं. जाता जाता: तिसऱ्या टॉलेमीच्या काही नाण्यांवर गरुडाच्या पायांत खी आणि रो या ग्रीक अक्षरांचं जोडअक्षर असतं, ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं तीच. ते ‘ख्रिस्ती चिन्ह’ म्हणून चढ्या भावात विकतात. हा राजा ख्रिस्ताच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी मेला.

क्र. ४ वर सविस्तर लिहितो, तेच या पुडक्यातलं सगळ्यात छान नाणं आहे. हिंदी-ग्रीक, म्हणजे भारताच्या वायव्येकडे राज्य केलेल्या ग्रीकांपैकी, राजा पहिला अपोलोडोटस. पुढे अपोलो, मागे त्याची तिपाई. एका बाजूला ग्रीक: ‘बासिलेओस अपोलोडोटू सोटेरोस’. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, तिकडची जुनी लिपी, उजवीकडून डावीकडे: ‘महरजस अपलदतस त्रतरस’. ‘सोटेर’ला ‘त्रतर’, म्हणजे आपला त्राता. चौकोनी आकार ग्रीकांनी इथल्या चौकोनी नाण्यांवरून उचलला, भूमध्यसागराकडे तो नाही. ग्रीक लेख तीन बाजूंना वळत जातो, तेव्हा वाचताना नाणं फिरवत जा, एका जागी धरून वाचायला गेलात तर मधली ओळ उभी राहते.

एक साधी युक्ती कोणत्याही ग्रीक नाण्याला चालते. लेख बहुधा षष्ठीत असतो: अमक्याचं नाणं, तमक्या लोकांचं नाणं. शेवट ओमेगा-न्यू असा असेल तर ते गावाचे लोक, जसं ‘सिराकोसिओन’. ओमिक्रॉन-उप्सिलॉन किंवा ओमिक्रॉन-सिग्मा असेल तर बहुधा माणूस, राजा किंवा अधिकारी. आणि अक्षरं कडेने गोल फिरत असतील, मधे एखादा रोमन दिसणारा चेहरा असेल, ‘सेबास्तोस’ (रोमन सम्राटाची ‘ऑगस्टस’ ही पदवी ग्रीकमध्ये) सारखं काही वाचता आलं, तर ते ग्रीक राजांचं नाहीच. रोमन अमलाखालच्या ग्रीक शहराचं आहे, वेगळी पुस्तकं, वेगळा काळ. तिथे सिग्मा इंग्रजी सी सारखा आणि ओमेगा डब्ल्यू सारखा होतो, हे ध्यानात ठेवा.

वाचण्यासाठी दिवा वरून नको. टॉर्च टेबलाच्या पातळीवर आणून जवळजवळ आडवा धरा, आणि दिवा हलवण्याऐवजी नाणं थोडं थोडं फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या. एका कोनात न दिसणारा कप्पा दुसऱ्या कोनात सावलीने उभा राहतो.

आगर-दापोली

वरचं सगळं मान्य. क्र. ५ बद्दल मात्र कोणी बोललं नाही म्हणून.

तो सेल्युकसचा, म्हणजे अलेक्झांडरच्या सेनापतीचा, हत्ती नाही, आपल्या घरचा आहे. चार गोल आणि मधे अधिक म्हणजे उज्जैन चिन्ह. सेल्युकसी नाण्यांवर हत्ती असतात हे खरं, पण मागे उज्जैन चिन्ह कधीच नसतं, आणि लेख ग्रीक असतो. सोंड वर केलेला हत्ती आणि उज्जैन चिन्ह ही सातवाहनांची जोडी, विदर्भातल्या तऱ्हाळ्याच्या साठ्यात अशी पोटीनची नाणी मोठ्या संख्येने निघाली. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांचा मिश्रधातू. १६ मिमी आणि तीनेक ग्रॅम हे त्याला बसतं. सातवाहनांनी शिशाचीही नाणी पाडली, तेव्हा धातू तपासा.

तपासणी घरीच होते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, बुडबुडा चिकटला असेल तर काडीने उडवा. काटा जे दाखवेल तो आकडा म्हणजे नाण्याचं घनफळ. हवेतलं वजन त्याने भागा. ३.१० ग्रॅमचं नाणं शिशाचं असेल तर काटा साधारण ०.२७ ते ०.२९ दाखवेल, तांब्याच्या मिश्रधातूचं असेल तर ०.३४ ते ०.३७. एवढ्या हलक्या नाण्यात ०.०१ ची चूकही उत्तर हलवते, म्हणून तीन-चारदा मोजून सरासरी घ्या. पूड धरणारं क्र. ४ या भानगडीत बुडवू नका, आणि क्र. ५ नंतर लगेच कोरडं करा.

‘चौलला सापडलं’ याबद्दल. चौल, सोपारा, कल्याण ही बंदरं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी व्यापारग्रंथात नावानिशी आहेत. त्यातच असंही लिहिलंय की भडोचला अपोलोडोटस आणि मेनांडर या हिंदी-ग्रीक राजांचे जुने द्राख्म (चांदीची नाणी) अजून चालतात. म्हणजे किनाऱ्यावर ग्रीक नाव असलेली नाणी फिरत होती, पण ती चांदीची. ब्राँझ ही सुट्टी मोड, तिची किंमत धातूवर नव्हे, राजाच्या शब्दावर. गाव सोडलं की तिला कोण विचारणार? सिसिली किंवा मॅसिडोनियाचं ब्राँझ कोकणच्या खाडीत निघालं असं कोणी सांगितलं तर पुरावा मागावा. तमिळनाडूत रोमन तांब्याची नाणी भरपूर मिळतात, पण ती चौथ्या-पाचव्या शतकातली, गोष्ट निराळी. कोकणात जमिनीत अपेक्षा करायची ती सातवाहनांच्या शिशा-पोटीनची आणि क्षत्रपांच्या चांदीची. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा त्यातही यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं होतं.

दुसरं, ‘सापडलेलं’ हा शब्द विक्रीत हलका वापरतात, कायद्यात तो जड आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूत मोडतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. विकणाऱ्याकडून तारीख, वर्णन आणि वजन घातलेली पावती घ्या. कुरिअरने परदेशी मित्राला ‘ओळखायला’ पाठवायचा मोह टाळा, फोटो पाठवा.

क्षारमुक्त, वेंगुर्ले

पुडीचं मी सांगतो, कारण आपल्याकडे जूनपासून हाच प्रश्न.

फिकट, भुसभुशीत, टोचलं की सुटणारी आणि पुसूनही परत येणारी पूड म्हणजे ब्राँझ डिसीज. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असतो तो नव्हे, तो पॅटिना, त्याला हात लावायचा नाही. तिसराही एक हिरवा असतो: मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून येणारा चिकट, तेलकट. तो ॲसिटोनने निघतो. तुमची नाणी कसल्या पाकिटात आहेत ते पाहा. नवीन प्लास्टिकचा, पावसाळी रेनकोटसारखा वास येत असेल तर आजच काढा.

रोगाचं कारण क्लोराइड. जमिनीतलं मीठ धातूत शिरून आत क्युप्रस क्लोराइड होऊन बसतं. कोरड्या हवेत ते गप्प. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४०-४५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा आणि ऑक्सिजन मिळून त्याचं हिरवं भुकटं होतं, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड. म्हणून पुसून थांबत नाही. आपल्याकडे पावसात घरातली आर्द्रता ८५-९०, वर खारा वारा. बाहेरचे लोक रोग ओळखायला नाणं मुद्दाम ओल्या डब्यात ठेवतात, आपल्याला ती तसदी नाही.

क्र. ४ आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. संसर्ग म्हणून नव्हे, पूड इतर नाण्यांवर पडते आणि तिच्यात क्लोराइड असतं. मग:

दहापट भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने पूड खरवडून काढा. स्टीलची सुई शेवटचा उपाय, खड्ड्याच्या कडा मोडतात. डिस्टिल्ड पाण्याने धुवा. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी चालतं, पण बाटली नवी घ्या. विहिरीचं पाणी कितीही गोड असो, नको. पागोळ्यांचं पाणीही नको, समुद्राजवळ पावसातसुद्धा मीठ असतं.

नंतर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम. तयार मिळत नसेल तर निर्जल सोडा ॲश २३ ग्रॅम आणि खायचा सोडा १९ ग्रॅम एकत्र करा. धुण्याचा सोडा खडे-स्फटिकाचा असेल तर त्यात पाणीच जास्त, मग तो ६३ ग्रॅम लागतो. इथेच लोक चुकतात, स्फटिक २३ ग्रॅम घालतात आणि महिनाभर काही होत नाही म्हणतात. काचेच्या बरणीत ठेवा, दर आठवड्याला द्रावण बदला. काम आठवड्यांचं नाही, महिन्यांचं. द्रावण निळं व्हायला लागलं तर पॅटिनातलं तांबंही सुटतंय, तेव्हा थांबून साध्या डिस्टिल्ड पाण्यावर या. ते हळू काम करतं, पण रंग कमी बिघडवतं.

संपलं कधी? काढलेल्या द्रावणाचे थोडे थेंब परीक्षानळीत घ्या, फसफसणं थांबेपर्यंत विरल नायट्रिक आम्ल घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पांढरं गढूळ झालं तर क्लोराइड अजून येतंय. नायट्रिक आधी घातलं नाही तर कार्बोनेटच गढूळ होतं आणि तुम्ही वर्षभर भिजवत बसाल. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

मग डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस, ॲसिटोनमध्ये बुडवून पाणी काढणं, ६० अंशांच्या आसपास कोरडं करणं. त्यानंतर बेन्झोट्रायझोल (तांब्याचा गंज रोखणारं रसायन), १०० मिली इथेनॉलमध्ये ३ ग्रॅम, चोवीस तास. हे विषारी आहे. नायट्राइलचे हातमोजे, खिडकी उघडी, आणि स्वयंपाकघरात अजिबात नाही. शेवटी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचा ॲसिटोनमधला पातळ हात, ३ ते ५ टक्के. जाड केलात तर नाणं ओलं दिसतं आणि अक्षरं बुजतात. लेप भर पावसात देऊ नका, ॲसिटोन उडताना थंडावा येऊन दव धरतं आणि लेप पांढरट पडतो.

एवढं करूनही दमट कपाटात ठेवलंत तर फुकट.

माडबन

वरचं फारच रासायनिक झालं. जुने लोक खोबरेल तेलात बुडवून ठेवायचे, परदेशात ऑलिव्ह तेल वापरतात. तेल लावलं की हवा लागत नाही, साधा हिशोब. पॅरालॉइड वगैरे इथे कुठे मिळणार?

क्षारमुक्त, वेंगुर्ले

@माडबन, ऑलिव्ह तेल लोक माती सैल करायला वापरायचे, रोगावर नव्हे. तेलातली मोकळी मेदाम्लं तांब्याला खातात, हिरवा साबणासारखा थर होतो, आणि खोबरेल खवट झालं की आम्ल आणखी वाढतं. शिवाय आत क्लोराइड तसंच राहतं, वरून दिसेनासं होतं एवढंच. नंतर कोणी पाण्यात उपचार करायला घेतले तर तेलामुळे पाणी आत शिरत नाही, आधी ॲसिटोनने तेल काढत बसावं लागतं. पॅरालॉइड मुंबईहून मागवता येतं. नाहीच मिळालं तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण चालेल.

साठवणीचं राहिलं होतं. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, पाच लिटरला किमान १०० ग्रॅम सिलिका जेल, पावसात २०० घाला. नारिंगी रंगाची घ्या, ओलावली की हिरवी होते. ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून, झाकून थंड करून परत. डब्यात छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण आधी ते खरं बोलतं का पाहा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, भिजून लगदा व्हावा पण विरघळू नये. ते आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ८० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा धरा. डब्यात ४० च्या खाली ठेवायचं, ३५ असलं तर उत्तम. डबा उगाच उघडू नका, नाणी दाखवायची हौस नोव्हेंबरनंतर.

फणसाच्या किंवा सागाच्या पेटीत नाणी छान दिसतात, पण लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ येते. ब्राँझ थोडंफार सोसतं, शिसं सोसत नाही, पांढरी पूड धरतं. क्र. ५ शिशाचं निघालं तर पेटी नकोच.

चकतीपारखी, चिपळूण

नकलीबद्दल दोन ओळी, कारण क्र. ४ सारख्या चौकोनी हिंदी-ग्रीक नाण्यांच्या ओतीव नकला बाजारात खूप आहेत. कड भिंगाखाली फिरवून पाहा: ओतीव असेल तर मधोमध शिवण, किंवा ती घासल्याच्या समांतर रेघा. उंच भागांवर, म्हणजे अपोलोच्या मांडीवर-खांद्यावर, बारीक गोल छिद्रं दिसली तर तेही ओतकामाचं लक्षण. ठोकलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या दिशेने ओढला गेलेला असतो, अक्षरांच्या पायाशी ते कळतं. वजनावरून मात्र निकाल देऊ नका. चांदीत वजन चुकलं तर शंका घ्यायची. ब्राँझ तेव्हाही ढोबळ पाडत, एकाच प्रकारात वीस टक्के फरक सहज सापडतो.

तुमच्या क्र. ४ ला रोग आहे, हे एका अर्थी बरंच. परत परत येणारी पूड आतून येते, ती रंगवून आणता येत नाही. क्र. ३ च्या खाचांत पिवळसर वाळू दिसत असेल तर कापसाला ॲसिटोन लावून एका कोपऱ्यात टेकवा. चिकटवलेली वाळू सुटते, खरी माती जागची हलत नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. क्र. १ आडव्या उजेडात पाहिलं, खालच्या ओळीत सुरुवातीला कप्पा आणि पुढे दोन सिग्मा एकापाठोपाठ दिसतात. क्र. २ ला दांड्याच्या उजवीकडे ओमेगा स्पष्ट. क्र. ४ ची कड स्वच्छ आहे, शिवण नाही. क्र. ५ पाण्यात मोजलं, सरासरी ०.३४ आली. वाळू कशालाच नाही.

आगर-दापोली

३.१० भागिले ०.३४ म्हणजे ९.१. शिसं नाही, पोटीन. आता हत्तीच्या भोवती ब्राह्मी लेख शोधा, ‘रञो सिरि’ ने सुरू होऊन राजाचं नाव आणि ‘सातकणिस’ असा. चकती ठशापेक्षा लहान असल्याने पूर्ण लेख कुठल्याच एका नाण्यावर मिळत नाही, चार-पाच अक्षरं मिळाली तरी नशीब. ‘सातकणि’ वाचून फारसं हाती लागत नाही, ते बऱ्याच राजांना आहे. त्याच्या अलीकडची दोन-तीन अक्षरं महत्त्वाची, तिथे राजाचं स्वतःचं नाव असतं. हत्तीच्या पाठीच्या वरचा आणि डोक्यासमोरचा असे दोन फोटो वेगवेगळ्या उजेडात टाका, वाचून बघू.

चकतीपारखी, चिपळूण

दोन सिग्मा म्हणजे कसांड्रोस पक्का. अलेक्झांडरच्या नावात दोन सिग्मा लागोपाठ येतच नाहीत. आता घोड्याच्या पायांखाली आणि समोर एखादं चिन्ह किंवा जोडअक्षर आहे का पाहा. आणि क्र. ३ च्या गरुडांसमोर फळपात्र आहे की नाही तेवढं कळवा.